आठवणीतला घाट : बैलगाडा शर्यतीचे जुने दिवस

'घाट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणाला माळशेज घाटातलं धुकं आठवेल, कुणाला नदीकाठच्या दगडी पायऱ्या आठवतील. पण पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या भागात घाट या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गावाबाहेरच्या माळावरची, चढाची, मातीची लांब पट्टी. दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि मधून बैलगाडे पळतात. आमच्याकडं "घाटात चाललोय" असं कुणी म्हणालं, तर तो प्रवासाला निघालेला नसतो. तो शर्यत बघायला निघालेला असतो.

माझं लहानपण आंबेगाव तालुक्यातल्या एका छोट्या गावात गेलं. आज मी शहराजवळच्या शाळेत मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण मला मोबाइलवर बैलगाड्यांचे रील दाखवतात. "बाई, बघा ना काय बारी आहे!" ड्रोननं वरून काढलेलं चित्र, मागं ढोलताशाचं गाणं, पडद्यावर सेकंदांचे आकडे. मी बघते आणि मलाही मजा वाटते. पण त्या रीलमध्ये जे दिसत नाही, ते मला जास्त आठवतं. आजचा हा निबंध त्याच्याविषयी आहे.

बारी म्हणजे काय?

ज्यांनी घाट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगते. महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीची एकच पद्धत नाही. सातारा-सांगलीकडं हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात, वर हाकणारा असतो आणि अनेक छकडे शेजारी शेजारी सुटतात. विदर्भात शंकरपट भरतो. रायगडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत गाड्या पळतात.

आमची पद्धत वेगळी. घाटात एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याला चार बैल असतात. पुढं एक जोडी, मागं एक जोडी. गाडा म्हणजे तरी काय, दोन चाकं आणि नावापुरता लाकडी सांगाडा. त्यावर माणूस बसत नाही. बैलांच्या पुढं एक घोडी असते आणि तिच्यावर स्वार. घोडी सुटली की तिच्यामागं बैल झेपावतात. खालच्या रेषेवर निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरच्या रेषेवर निशाण पडलं की घड्याळ बंद. या एका पळण्याला 'बारी' म्हणतात. घाटाघाटाची लांबी कमीजास्त असते, पण चांगली बारी साधारण 11 ते 13 सेकंदांत संपते. दिवसभरात सगळ्यांत कमी वेळात वर पोचलेला गाडा तो 'घाटाचा राजा'.

म्हणजे बघा, शेजारच्या गाड्याला मागं टाकायचं नसतं, घड्याळाला टाकायचं असतं. मी लहान असताना हे घड्याळ म्हणजे एका माणसाच्या मुठीतलं स्टॉपवॉच. तो जे सांगेल ते खरं. त्यावरून वाद व्हायचे, आवाज चढायचे, मग गावातलं कुणी वडीलधारं माणूस मध्ये पडायचं. आता रेषेवर सेन्सर बसवतात आणि सेकंदाचे शंभरावे भाग पडद्यावर दिसतात. वाद कमी झाले, हे चांगलंच झालं.

बारा सेकंद! तुम्ही फळ्यावरची तारीख वहीत उतरवून घेता ना, तेवढ्यात सगळं संपतं. त्यासाठी वर्षभर राबायचं, म्हणजे वेडच की! पण त्या बारा सेकंदांच्या मागं काय काय असायचं, ते सांगते.

तो बैल कामाचा होता

मी सांगते ते 1980 च्या दशकातलं. आमच्या घरी हौश्या नावाचा खिल्लार बैल होता. पांढराशुभ्र, उंच, शिंगं मागं वळून वर गेलेली. खिल्लार ही माणदेशाची, सांगली-सोलापूरकडची जात. चपळ आणि काटक. आटपाडीजवळच्या खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा मोठा बाजार भरतो, हे मी चुलत्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की न पाहताही ते गाव मला ओळखीचं वाटायचं.

हा हौश्या शर्यतीसाठी पाळलेला नव्हता. तो शेतीसाठी होता. नांगराला तोच, कुळवाला तोच, पेरणीच्या पाभरीला तोच, शेणखताच्या गाडीलाही तोच. आज शर्यतीचा बैल हा वेगळाच बैल असतो. त्याच्या मानेवर औताचं जू कधी येत नाही. तेव्हा मात्र घाटात पळणारा बैल आणि रानात राबणारा बैल एकच असायचा. त्यामुळं घाटात बसलेल्या माणसाला प्रत्येक बैलाची ओळख असायची. "हा अमक्याच्या मळ्यातला, पेरणीत डावीकडं ओढतो." "तो गेल्या साली पुरात वाहून चालला होता, पोहत बाहेर आला." आम्ही पोरंसुद्धा गावातला बैल न् बैल तोंडावरून ओळखायचो. जसं तुम्ही क्रिकेटपटूंना ओळखता, तसं. फरक एवढाच की आमचे हे खेळाडू दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून ओढ्यावर पाण्याला जायचे.

या शर्यती यात्रेतच का भरायच्या, याचंही उत्तर शेतीत आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच यात्रा पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंत येतात. थापलिंगाच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला असते. तिथला घाट आणि खेड तालुक्यातल्या निमगावच्या खंडोबाचा घाट, ही आमच्याकडं मोठी नावं. चैत्रात रब्बीचं पीक घरात आलेलं असतं, खळी उरकलेली असतात, पेरणीला अजून वेळ असतो. माणसाच्या आणि बैलाच्या, दोघांच्याही खांद्याला त्या दिवसांत थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत देवाला नवस फेडायचे, पालखी काढायची, पाहुण्यांना पुरणपोळी घालायची, दुपारी गाडे पळवायचे, संध्याकाळी कुस्त्या आणि रात्री तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागायच्या आणि गावोगावचे कारभारी तिथं सुपारी द्यायला जायचे. आजही जातात.

दोन घरं, एक गाडा

आता खरी गंमत सांगते. गाड्याला चार बैल लागतात. पण आमच्या भागातल्या साध्या शेतकऱ्याकडं चार बैल कुठून असणार? बहुतेकांकडं एकच जोडी. काहींकडं तर एकच बैल आणि दुसरा पडजीचा. मग व्हायचं काय, की दोन-तीन घरांचे बैल मिळून एक गाडा उभा राहायचा. बैल कुणाशी जमेल, हे माणसाच्या नात्यावर ठरत नसे. त्याच्या चालीवर ठरत असे. लांब टाप टाकणाऱ्याला लांब टापेचाच जोडीदार लागतो, नाहीतर गाडा तिरका जातो.

आमच्या हौश्याची चाल कुणाशी जुळावी? शेजारच्या मळ्यातल्या बैलाशी! आणि त्या शेजाऱ्यांचा आणि माझ्या चुलत्यांचा बांधावरून दावा चालू होता. तारखेला दोघं एकाच एसटीनं घोडेगावच्या कोर्टात जायचे. एक पुढच्या बाकावर, एक मागच्या बाकावर. येताना तसंच. रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण ओढ्याच्या अंगानं वळायचा.

पण पौष लागला की यांना बोलावंच लागे. बैल एकत्र जुंपून सराव करायचा, तर मालक गप्प राहून कसं चालेल? सुरुवातीला बोलणं बैलांशी असायचं. शेजारी हौश्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "काय रं, आज पाणी जास्त पाजलंय का तुला?" चुलते त्यांच्या बैलाचा पाय उचलून म्हणायचे, "खुरात खडा शिरलाय जणू." मग हळूहळू मधला बैल गळून पडायचा आणि माणूस माणसाशी बोलू लागायचा. आमच्या ओट्यावर त्यांच्यासाठी चहा यायचा. वैशाख सरला, पहिला वळीव पडला की पुन्हा अबोला.

शर्यतीमुळं त्यांचं भांडण मिटलं, असं लिहिलं तर निबंध गोड होईल. पण तसं झालं नाही. दावा चालायचा तितकी वर्षं चालला. मात्र वर्षातले चार-पाच महिने दोन घरं एकमेकांच्या गोठ्यात जात-येत राहिली, एवढं खरं. आमच्या गावात बांधावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आमच्या या बांधावर तसं कधी झालं नाही. ते शर्यतीमुळं की आणखी कशामुळं, हे कोण सांगणार? मला आपलं वाटतं, ज्याच्या बैलाचा खूर आपण हातात धरला, त्याच्यावर काठी उगारणं जड जात असावं.

नाव त्यांचं, पेंड माझी

मी दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत चुलत्यांच्या खांद्यावर बसून घाट पाहिला. मग एका यात्रेला आजी म्हणाली, "आता मोठी झालीस, घरी थांब." त्या काळी आमच्याकडं बायका-मुली घाटात जात नसत. गावातली एकही बाई तिथं दिसायची नाही.

पण शर्यतीचा बैल तयार व्हायचा तो बायकांच्या हातून. पहाटे चारला माझी आई उठायची. रात्री भिजत घातलेली शेंगदाण्याची पेंड कालवायची, त्यात बाजरीचा भरडा, मूठभर भिजलेले हरभरे. हौश्या दुसऱ्या कुणाच्या हातून तोंड लावायला वेळ घ्यायचा; आईची चाहूल लागली की दाव्याला ओढ द्यायचा. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याला नदीवर नेऊन धुवायचं काम पुरुषांचं, शिंगांना हिंगूळ लावायचं काम आम्हां पोरांचं. बाकी वर्षभर वैरण तोडणं, शेण काढणं, आजारात रात्र जागणं, हे सगळं आईचं आणि चुलतीचं.

यात्रेच्या दिवशी दुपारी पुरणाचा रगाडा उरकला की आम्ही तिघी धाब्यावर चढायचो. घाट तिथून दिसत नसे. मध्ये टेकाड आडवं होतं. पण टेकाडामागून उठणारा धुरळा दिसायचा आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर भोंग्यावरचा आवाज यायचा. आई त्या धुरळ्यावरून बारी ओळखायची. "सरळ उठला बघ, बैल सरळ गेलं." "हा पसरला. गाडा कडंला गेला कुणाचातरी." तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या गाड्याचा पुकारा झाला की ती बोलायची थांबायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. बारा सेकंद, मग लोकांचा कल्ला, मग भोंग्यावर आकडा.

भोंग्यावर नावं घेतली जायची ती मालकांची. चुलत्यांचं, शेजाऱ्यांचं, मामांचं. एकदा चुलती हसत म्हणाली, "आपलं नाव कधी यायचं गं?" आई म्हणाली, "नाव त्यांचं, पेंड माझी." रागानं म्हणाली नाही, कौतुकानंही नाही. धुरळ्याकडं बघत म्हणाली.

एका वर्षी आमच्या गाड्याला तिसरा नंबर मिळाला. बक्षीस काय, तर पितळेची कळशी आणि मानाचा नारळ. तेव्हा बक्षिसं अशीच असायची. भांडी, ढाल, फेटा. चुलत्यांनी घरी आल्यावर कळशी आईच्या हातात दिली. ती कळशी आजही आमच्या घरी आहे. तिच्यावर यात्रेचं साल कोरलेलं आहे आणि नळ येईपर्यंत तिनं पाणी भरल्यामुळं एका बाजूला पोचा पडलेला आहे.

पाठीवरचे वळ

मित्रांनो, जुन्या आठवणी लिहिताना एक धोका असतो. आपण त्यांना साखरेच्या पाकात घालतो. तसं करायचं नसेल तर ही गोष्टही सांगायला हवी.

ज्या संध्याकाळी कळशी घरी आली, त्याच संध्याकाळी हौश्याच्या पाठीवर वळ होते. बैल सुटण्याच्या जागी चार बैलांना धरायला दहा-बारा माणसं असायची. निशाणाच्या आधी कुणी आसूड ओढायचं, कुणी शेपटी पिरगाळायचं, कुणी टोचणी लावायचं. काही ठिकाणी बैलाच्या तोंडात दारू ओतल्याचंही आम्ही ऐकायचो. आई काही न बोलता हळद आणि तेल घेऊन गोठ्यात गेली. हौश्याची कातडी तिच्या बोटाखाली थरथरत होती. मी कंदील धरून उभी होते.

माझ्या आजोबांना हे आवडत नसे. ते म्हणायचे, "मारल्यावर पळती ती भीती. बैल पळायचा तर मोकळा सोडा." त्यांच्या समोर आमच्या माणसांचा आसूड चालत नसे. पण गाडा एकट्याचा नव्हता आणि आजोबा दरवेळी खाली उभे राहू शकत नव्हते.

माणसांचेही हाल व्हायचे. तेव्हा कडेला ना कठडा ना जाळी. बिथरलेले बैल गर्दीत शिरले की कुणाचा पाय मोडायचा, कुणाच्या बरगड्या. यात्रेच्या आनंदात हे लोक लवकर विसरायचे. ज्याचा पाय मोडला, त्याला मात्र विसरता येत नसे.

म्हणून 'पूर्वी सगळं किती छान होतं' असं वाक्य मी या निबंधात लिहिणार नाही. पूर्वी एकाच दिवशी कळशी आणि वळ, दोन्ही घरी येत होते.

रानातला बैल गेला

पुढं डिंभे धरणाचा कालवा आला, विहिरींवर मोटारी बसल्या, ऊस वाढला. आणि ट्रॅक्टर आला. चार दिवसांची नांगरट एका सकाळीत होऊ लागली. शेतकऱ्याला बैल पोसणं परवडेना. बारा महिने खाणार आणि काम मात्र दोन महिन्यांचं! हिशोब उघड होता आणि कुणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. औत ओढून माझ्या चुलत्यांची कंबर वाकली होती. ट्रॅक्टर आल्यावर ते पहिल्यांदा दुपारी झोपले.

पण त्यामुळं एक झालं. रानातला बैल गेला आणि घाटातला बैल तेवढा राहिला. त्याची किंमत हजारांवरून लाखांत गेली. त्याला खुराकात दूध, अंडी आली. तो टेम्पोतून गावोगाव हिंडू लागला. बक्षिसात कळशीच्या जागी मोटारसायकल, ट्रॅक्टर, अगदी जेसीबीसुद्धा दिसू लागला. प्रवेशिका शेकड्यांनी येऊ लागल्या आणि घाट दोन-दोन, तीन-तीन दिवस चालू लागला. फ्लेक्सवर बैलाच्या फोटोशेजारी पुढाऱ्यांचे फोटो आले.

यात सगळं वाईट आहे, असं मी म्हणत नाही. तरुण पोरं जनावरांत रमली. खिल्लार जात टिकली ती शर्यतीच्या हौसेमुळं, असं गाडामालक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. कारण जे जनावर कामाचं उरत नाही, ते हौसेनंच टिकतं. पण घाटात बसलेल्या माणसाला आता बैलाचं नाव माहीत असतं आणि त्याची किंमत माहीत असते. तो पेरणीत डावीकडं ओढतो का, हे कुणालाच माहीत नसतं. कारण तो पेरणीला गेलेलाच नसतो.

बंदीची वर्षं

यापुढचा इतिहास तुम्ही बातम्यांत वाचला असेल. थोडक्यात सांगते. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारनं अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांना खेळ-करमणुकीसाठी वापरता येत नाही, त्यांच्या यादीत बैल आला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बेकायदा ठरवल्या. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, पण ती उच्च न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते आणि आसूड, काठी, टोचणी यांना मनाई आहे.

बंदीच्या वर्षांत आमच्या गोठ्यात एकच बैल होता. हौश्या केव्हाच गेला होता. हा त्याच्या नंतरचा. शर्यत नाही, शेतात काम नाही. गावातल्या अनेकांनी आपले बैल बाजारात नेले. ते पुढं कुठं गेले, हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगत नसे. चुलत्यांनाही पोरांनी सांगून पाहिलं, "काका, रोजचा खर्च बघा. विकून टाका." चुलते म्हणाले, "तुमचे गुरुजी रिटायर झाले तवा त्यांना बाजारात नेलं का?"

दर चैत्रात यात्रेच्या दिवशी ते त्या बैलाला दाव्याला धरून मोकळ्या घाटात न्यायचे. घाटात गवत वाढलेलं असायचं. दोघं खालून वरपर्यंत सावकाश चालत जायचे. वर थोडं थांबायचे आणि परत यायचे. कधी कधी शेजारीही सोबत असायचे. तेव्हा त्यांचा दावा संपून बरीच वर्षं झाली होती आणि दोघांचे गुडघे सारखेच दुखत होते. 2019 च्या उन्हाळ्यात तो बैल गेला.

2021 च्या डिसेंबरात परवानगीची बातमी आली आणि गावात फटाके वाजले. चुलते तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गोठ्यात पुतण्याची मोटारसायकल उभी होती. त्यांनी बातमी नीट ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "आसूड बंद ठिवलाय ना त्यात?" पुतण्या म्हणाला, "हो, तशी अट आहे." "मग बरं झालं," म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

"बाई, बैलाला आवडतं का?"

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात 'आमच्या गावची यात्रा' हा निबंध दिला होता. त्यावर बोलणं चाललं असताना एका मुलीनं हात वर केला. "बाई, बैलाला शर्यत आवडते का?" वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण या सगळ्या खटल्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. 2014 च्या निकालात न्यायालयानं म्हटलं होतं की बैल हा घोड्यासारखा शर्यतीसाठी घडलेला प्राणी नाही. त्याची शरीररचना ओझं ओढण्याची आहे. गाडामालक म्हणतात, "बैल स्वतःहून पळतो, आम्ही त्याला लेकरासारखं वाढवतो." मग मी तिला मी पाहिलेलं सांगितलं. यात्रेच्या सकाळी भोंगा सुरू झाला की हौश्याचे कान ताठ व्हायचे आणि तो दाव्याभोवती फिरू लागायचा, हे मी पाहिलं आहे. बारी संपवून घरी आल्यावर तोंडाला फेस आलेला, पाय लटपटणारा हौश्याही मी पाहिला आहे. दोन्ही खरं आहे. यातलं एकच लिहिलं तर निबंध अर्धा राहतो.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याला कळत नाही, म्हणून आपणच जपून वागायचं." मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही.

मग आठवायचं काय?

तुम्ही विचाराल, "बाई, मग तुम्हाला नेमकं आठवतं तरी काय? वेग? धुरळा? गुलाल?" वेग तर आज जास्तच आहे. धुरळा तोच आहे. गुलाल-भंडारा पूर्वीपेक्षा जास्त उधळतात.

मला आठवतं ते हे, की घाटात पळणारा बैल आमच्या ताटातल्या भाकरीसाठी राबलेला होता. लोक ओरडायचे ते त्या राबण्याची ओळख ठेवून. आणि चार बैल जुंपायला एकट्याचं घर पुरत नसे, शेजाऱ्याकडं जावंच लागे. मग त्याच्याशी पटत असो वा नसो. आज ज्याच्याकडं पैसा आहे, तो चारही बैल एकट्यानं विकत घेऊ शकतो. गाडा जास्त जोरात पळतो. पण त्या घराला शेजाऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकायची गरज पडत नाही.

जुने दिवस परत आणता येत नाहीत आणि आणूही नयेत. ते आणायचे तर आसूडही परत येईल आणि आईही पुन्हा धाब्यावर जाईल. पण त्या दिवसांतलं काय जपायचं आणि काय सोडायचं, हे निवडता येतं. माझ्या आजोबांनी मोकळ्या बैलाच्या बाजूनं निवड केली होती, चुलत्यांनी म्हाताऱ्या बैलाच्या बाजूनं. कायद्यात ते यायला मात्र वेळ लागला.

आता तुमच्यासाठी एक छोटं काम. तुमच्या गावी बैलगाडा असो, शंकरपट असो, छकडा असो, नाहीतर होड्यांची किंवा कुस्तीची परंपरा असो. या सुट्टीत घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाजवळ बसा. 'कोण जिंकलं?' हे विचारू नका, ते सगळ्यांनाच पाठ असतं. दोनच प्रश्न विचारा. "तुमच्या जोडीला कुणाचा बैल असायचा?" आणि "पहाटे उठून पेंड कोण भिजवायचं?" मिळालेली नावं वहीत लिहून ठेवा. ती नावं भोंग्यावर कधी आली नाहीत आणि रीलमध्येही येणार नाहीत.

मी माझ्या वहीत माझ्या आईचं नाव लिहिलं आहे. तुम्ही तुमच्या आजीचं लिहा.